बालकांचे उस्ताद : मौलवी इस्माईल मेरठी

वाचकहो, उर्दूतील थोर कवींची नावे सांगा असे कोणी म्हटले, तर मीर, गालिब, इक्बाल ही नावे आपल्या ओठांवर आपसूक येतात. ती यावीतही. परंतु उर्दू शाळेत शिकलेल्या कित्येकांनी आयुष्यातली अगदी पहिली कविता पाठ केली ती यांपैकी कोणाची नव्हे. ती होती गाईची, मांजराची, काजव्याची किंवा पावसाच्या एका थेंबाची. दुधाचे दात पडण्यापूर्वी पाठ झालेल्या त्या ओळी केस पिकले तरी विसरत नाहीत. विसरले जाते ते कवीचे नाव. ते नाव मौलवी मुहम्मद इस्माईल मेरठी. आपल्या संस्थेच्या या वार्षिक स्मरणिकेच्या निमित्ताने या लहानांच्या मोठ्या उस्तादाची ओळख आपणां सर्वांना, विशेषतः पालकांना आणि विद्यार्थी मित्रांना करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

इस्माईल यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४४ रोजी मेरठ शहरात झाला. वडिलांचे नाव शेख पीरबख्श. घराणे श्रीमंत नव्हते, पण लिहिण्यावाचण्याची कदर करणारे होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलाचे शिक्षण घरातच सुरू झाले. कुरआनशरीफचे पठण आणि पाठोपाठ फारसी, हा तेव्हाच्या शरीफ घराण्यांतील मुलांचा ठरलेला अभ्यासक्रम. वडिलांकडून प्राथमिक धडे घेतल्यावर पुढील फारसीसाठी त्यांना मिर्झा रहीम बेग यांच्याकडे पाठविण्यात आले. हे रहीम बेग मोठे जाणकार होते. फारसी शब्दकोशाच्या वादात खुद्द मिर्झा गालिब यांच्याविरुद्ध त्यांनी पुस्तक लिहिले आणि गालिब यांना त्याचे उत्तर द्यावे लागले, यावरून त्यांची विद्वत्ता ध्यानात यावी. अशा उस्तादाच्या हाताखाली तयार झालेला शिष्य भाषेचा पक्का निघाला, तर नवल नाही.

इस्माईल यांच्या वयाला तेरावे वर्ष चालू असताना मेरठमध्ये असे काही घडले की ज्याने साऱ्या हिंदुस्थानचे चित्र पालटले. १० मे १८५७. रमजानचा महिना, रविवारची संध्याकाळ. आदल्याच दिवशी नव्या काडतुसांना हात लावण्यास नकार देणाऱ्या पंच्याऐंशी शिपायांना बेड्या घालून तुरुंगात टाकले होते. त्या संध्याकाळी मेरठची छावणी पेटली आणि बंडाचा वणवा दिल्लीपर्यंत गेला. त्यानंतरची सूडाची वर्षे, उजाड झालेली दिल्ली, देशोधडीला लागलेली घराणी, हे सर्व या मुलाच्या वाढत्या वयात घडले. आपल्या गावाच्या रस्त्यांवर माणुसकी हरवलेली ज्याच्या पिढीने पाहिली, त्याने पुढे आयुष्यभर मुलांना मायेची, धीराची आणि सबुरीची कविता शिकवली, ही गोष्ट आपण नीट लक्षात ठेवावी.

बंडानंतर जुनी दुनिया संपली होती. दरबार उरले नव्हते, दरबारी शायरीला आश्रय उरला नव्हता आणि केवळ फारसीवर पोट भरण्याचे दिवस मागे पडत चालले होते. कित्येक घरांत त्या काळी एकच चर्चा असे, की सरकारी शाळेत मुलाला घालावे की नाही. इस्माईल यांनी जुने सोडले नाही आणि नव्याकडे पाठही फिरवली नाही. मेरठच्या नॉर्मल स्कूलमध्ये जाऊन त्यांनी भूमितीसारखे नवे विषय आत्मसात केले. १८६० च्या सुमारास, सोळाव्या वर्षी, ते शिक्षण खात्यात कारकून म्हणून नोकरीला लागले. १८६७ ते १८७० या काळात त्यांनी सहारनपूरच्या जिल्हा शाळेत फारसी शिकविली. नंतर पुन्हा मेरठला, शाळा-तपासणीच्या कचेरीत. १८८८ साली त्यांची आग्र्याच्या सेंट्रल नॉर्मल स्कूलमध्ये फारसीचे मौलवी म्हणून नेमणूक झाली आणि १८९९ मध्ये तेथूनच ते निवृत्त झाले. ही सारी नोकरीची हकीकत एका परिच्छेदात संपते. जहागीर नाही, मनसब नाही. एका साध्या सरकारी नोकराचे आयुष्य. पण याच नोकरीत त्यांना एक गोष्ट दिसली, जी मोठमोठ्या विद्वानांच्या नजरेतून सुटली होती.

ती गोष्ट म्हणजे वर्गात बसलेले मूल.

पालकांनो, त्या काळच्या मक्तबचे चित्र डोळ्यांसमोर आणा. पाचसहा वर्षांचे पोर चटईवर बसले आहे. घरात ते बोलते उर्दू किंवा आपल्या गावची बोली, आणि हातात पुस्तक आहे फारसीचे. सादी यांच्या नावावर चालणारे ‘करीमा’, मग ‘गुलिस्तान’, मग ‘बोस्तान’. ग्रंथ थोर आहेत यात शंका नाही. पण ते लिहिले गेले जाणत्या माणसांसाठी. पोर मान डोलावीत घोकते आहे, अर्थ त्याच्या गावीही नाही, आणि अडखळले की मौलवीसाहेबांची छडी तयार आहे. नीतीचे बोल तोंडात, पाठीवर वळ आणि मनात भीती. अशा रीतीने दयेचा धडा शिकवला तर मुलाला शेवटी काय उमगणार? छडी ज्याच्या हातात तो मोठा, इतकेच. मग ते पोर मक्तबमधून सुटताच रस्त्यावरच्या कुत्र्याला धोंडा मारते. आपल्यावर जे झाले तेच ते आपल्याहून दुबळ्यावर करते.

इस्माईलसाहेबांनी हे ओळखले आणि उपायही शोधला. उपदेश कमी करावयाचा, उपदेशाची भाषा बदलावयाची आणि मुलाला हसत खेळत, ताल धरून म्हणता येईल अशा कवितेतून त्याचे मन मऊ करावयाचे.

येथे त्या काळच्या वाङ्मयाची थोडी माहिती हवी. शायर म्हणजे गझल लिहिणारा, मुशायरा गाजविणारा, अशीच तेव्हा समजूत होती. स्वतः इस्माईल यांनीही सुरुवातीस गझला लिहिल्या. पण १८६० च्या दशकात मेरठचेच एक कवी कलक मेरठी यांनी काही इंग्रजी कवितांची उर्दू रूपांतरे प्रसिद्ध केली. ती वाचून इस्माईल यांना नवी वाट दिसली. एका विषयावर, साध्या भाषेत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक धागा असलेली कविता लिहिता येते, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे १८७४ साली लाहोर येथे मुहम्मद हुसेन आझाद आणि हाली यांनी अशा कवितेचे मुशायरे भरविले आणि उर्दूत नवे युग सुरू झाले असे इतिहासकार सांगतात. त्याच १८७४ साली आपल्या मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली आणि पुढील वर्षी अलीगढला सर सय्यद यांची शाळा उघडली. सारा समाज शिक्षणाकडे वळू पाहत होता. मोठ्यांसाठी शाळा, कॉलेजे, वर्तमानपत्रे निघत होती. अगदी लहानांकडे कोण पाहणार? तो विचार इस्माईलसाहेबांनी केला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी उर्दूची क्रमिक पुस्तके तयार केली. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी अशी ती माला आहे. आधी अक्षर, मग सोपा शब्द, मग छोटे वाक्य, मग चार ओळींची कविता. मूल एक पायरी चढले की पुढची पायरी त्याच्या पायाला लागेल इतकीच उंच. आज आपणांस यात विशेष वाटणार नाही, कारण आज सगळीच पुस्तके अशी असतात. पण पहिली पायरी बांधणाऱ्याला किती विचार करावा लागला असेल! विद्वान माणसाला कठीण लिहिणे सोपे असते. फारसीचा एवढा पंडित, पण लहानांसाठी लेखणी हाती घेतली की एकही जड शब्द येऊ देत नाही, याला मोठा संयम लागतो. ही पुस्तके त्या प्रांताच्या शाळांतून वर्षानुवर्षे चालली आणि पुढे त्यांतील कविता उर्दू जेथे जेथे शिकविली जाते तेथे तेथे, आपल्या महाराष्ट्रातील उर्दू शाळांपर्यंत, पोहोचल्या.

आता त्या कवितांची जादू पाहू. त्या काळच्या स्वस्त छपाईच्या शालेय पुस्तकांत हल्लीसारखी रंगीबेरंगी चित्रांची चंगळ कोठून असणार? तरीही इस्माईलसाहेबांच्या कविता म्हणजे चित्रांची पुस्तकेच आहेत. ओळ म्हटली की चित्र उभे राहते, यमक जुळले की चित्र हलू लागते. आणि सर्वांत मोठी जादू ही, की त्यांच्या जगात काजवा बोलतो, थेंब बोलतो, एवढेच काय, चुलीवरच्या पातेल्यातली डाळही बोलते!

काजव्याचीच गोष्ट घ्या. पावसाळ्यातली काळोखी रात्र आहे. एका मुलाला चमचमणारा किडा दिसतो. मूल ते मूलच! झटकन त्याने तो पकडला आणि टोपीत लपविला. कैदेत पडलेला काजवा विनवणी करतो, अल्लाहच्या नावाने मला सोड. मुलगा म्हणतो, दिवसा तुझी चमक बघेन, मगच सोडीन. काजवा समजावतो की माझा प्रकाश दिवसा दिसणारच नाही, तो उजेडात विरून जातो. मुलाचा विश्वास बसत नाही. तेव्हा काजवा आपले गुपित सांगतो. इवल्याशा जिवाला सूर्यासारखे चमकविणे ही निर्मात्याची कारागिरी आहे आणि ही चमक मला एवढ्यासाठी दिली आहे, की मला पाहून तुम्ही क्षणभर थबकावे, अल्लडपणे पायाखाली चिरडू नये, माणसासारखे जपून चालावे.

वाचकहो, या शेवटच्या मुद्द्यावर थोडे थांबा. जपून चालणे ही माणसाची चाल आहे, आपल्या पायाखाली कोण आहे हे पाहणे हे माणूसपणाचे लक्षण आहे, हा धडा मौलवीसाहेब स्वतः देत नाहीत. तो ते एका किड्याच्या तोंडून देववितात. मूल मोठ्यांचे ऐकणार नाही कदाचित, पण टोपीतल्या कैद्याचे गाऱ्हाणे त्याच्या काळजाला भिडते. टोपीत कोंडल्यावर काय वाटत असेल हे ज्या मुलाला एकदा कळले, ते पुन्हा चतुराच्या शेपटीला दोरा बांधताना शंभरदा विचार करील.

मांजरावरची कविता याहून लहान मुलांसाठी आहे. मांजर स्वच्छ आहे, मांडीवर घेतले की ऊबदार आणि मऊ लागते. मी तिला छेडले नाही तर तीही मला ओरबाडणार नाही. यात भीती घातलेली नाही आणि लालूचही दाखवलेली नाही, फक्त सरळ व्यवहार सांगितला आहे. तुम्ही प्रेमाने वागा, समोरचा जीवही प्रेमाने वागेल. गाईवरच्या कवितेत तर मूल गाईकडे पाहता पाहता तिच्या निर्मात्याचे आभार मानू लागते. काल खाल्लेल्या गवताचे आज दूध होते, हा रोजचा चमत्कार कवी मुलाला दाखवून देतो. ज्याला चमत्कार दिसला, तो गाईच्या पाठीत काठी घालणार नाही.

आणि ती डाळ! एक मुलगी डाळीला फोडणी देते आहे. डाळ तक्रार करू लागते. एके काळी मी शेतात हिरवीगार डोलत होते, कसली चिंता नव्हती. मग मला कापले, झोडपले, भरडले आणि आता येथे आगीवर चढवले. मुलगी तिचे सारे ऐकून घेते आणि मग तिची समजूत काढते, की हे तुला छळण्यासाठी नाही, माणसाच्या अंगी लागून तुझी पायरी वाढावी म्हणून आहे. मूल हसते. पण हसता हसता त्याला एवढे नक्की कळते, की आपल्या ताटात जे येते त्यामागे शेतकऱ्याचे, जात्याचे, चुलीचे आणि आईचे कष्ट आहेत. मग ताटात अन्न टाकून उठताना त्याला संकोच वाटेल. आईच्या हातालाही मान मिळेल.

पावसाच्या पहिल्या थेंबाची कविता माझ्या मते सर्वांत मोलाची. आभाळ भरून आले आहे, जमीन तहानेने तडकली आहे. पण प्रत्येक थेंबाच्या मनात एकच भीती. मी एवढासा, एवढ्या तापल्या जमिनीला माझा काय उपयोग, मीच आटून जाईन. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत अडून बसले आहेत. अखेर एक थेंब धीर करतो, मैदानात उतरतो आणि बाकीच्यांना आपल्या मागे येण्याची हाक देतो. त्याला पाहून दुसरा, तिसरा, आणि मग मुसळधार. शेते न्हाऊन निघतात. एका मुलाला यातून परोपकार कळेल, दुसऱ्याला धैर्य कळेल. आणि आम्हां मोठ्यांना? समाजाचे काम निघाले की आम्ही म्हणतो, माझ्या एकट्याने काय होणार. शंभर माणसे असेच म्हणतात आणि जमीन कोरडीच राहते. मुलांची कविता कधी कधी बापांनाही लाजवते ती अशी.

यमकाच्या बाबतीतही या उस्तादाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. यमक हे त्यांचे मोठे साधन, कारण यमकामुळे मुलाच्या ध्यानात राहते. तरीही ज्याने यमकाशिवाय कविता लिहून पाहण्याचे धाडस उर्दूत अगदी आरंभी केले, त्यांपैकी तेच एक होते. चिमणीच्या पिल्लांवरची त्यांची कविता अशी निर्यमक आहे. घरट्यात इवली पिल्ले आईच्या छातीला बिलगून बसली आहेत आणि आईने मायेने पंख पसरून त्यांना झाकले आहे. त्या चित्राला यमकाच्या घुंगरांची गरजच पडली नाही.

मात्र केवळ कवितांवरून या माणसाचे मोजमाप करू नये. आग्र्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांच्यासमोर बसत ते उद्याचे शिक्षक. एका मुलाला शिकवणारा एका घराचे भले करतो, पण शिक्षकाला शिकवणारा किती गावांत दिवा लावतो याची मोजदाद नाही. तेथून निवृत्त होऊन ते मेरठला परतले. पंचावन्न वर्षांचे वय, विसावा घेण्याचा हक्क होता. पण ते लिहीत राहिले, आणि १९०९ साली त्यांनी मेरठमध्ये मुलींसाठी शाळा काढली. तेव्हा त्यांनी वयाची चौसष्टी गाठली होती. मुलींनी घराबाहेर पडून शिकणे पुष्कळांना मानवत नसे असा तो काळ. मुलांची पुस्तके लिहिणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की पहिले पुस्तक मुलाला आईच्या मांडीवर मिळते. आईला अक्षर येत नसेल, तर लिहिलेली सारी पुस्तके फडताळात पडून राहतील. त्या लहानशा शाळेचा पुढे विस्तार झाला आणि मेरठमधील मुलींच्या शिक्षणसंस्थेला इस्माईल यांचेच नाव मिळाले. १ नोव्हेंबर १९१७ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षात, मेरठ येथेच त्यांचे निधन झाले. पुढे १९३९ साली त्यांचे चिरंजीव मुहम्मद अस्लम सैफी यांनी वडिलांचे चरित्र आणि समग्र कविता एकत्र प्रसिद्ध करून पुत्रधर्म निभावला.

पालक बंधुभगिनींनो, हे चरित्र येथे का सांगितले, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. आपण मुलांच्या शिक्षणाचा विचार करतो तेव्हा गुण, नंबर, प्रवेश आणि नोकरी यांचा विचार करतो. तो करावाच, पोटाचा प्रश्न खोटा नाही. पण मूल चार वर्षांचे असताना जे मन घडते, ते चौदाव्या वर्षी शिकवणी लावून घडत नाही. इंजिनियर होऊन म्हाताऱ्या आईशी करड्या आवाजात बोलणारा मुलगा, डॉक्टर होऊन गरीब रोग्याला ताटकळत ठेवणारी मुलगी, ही शिक्षणाची कमाई म्हणायची की नुकसान? दया हा विषय कोणत्याही परीक्षेत नाही. म्हणून तो घरातच शिकवावा लागतो, आणि तो शिकवण्याचे वय फार लवकर निघून जाते.

त्यासाठी पैसा लागत नाही. रात्री जेवणे झाल्यावर दहा मिनिटे मुलाला जवळ घ्या. ज्यांना उर्दू येते त्यांनी इस्माईलसाहेबांच्या कविता मोठ्याने, ताल धरून म्हणाव्यात. आपल्या पुष्कळ घरांत आता मुले मराठी शाळेत जातात, त्यांना ती लिपी वाचता येत नाही. हरकत नाही. काजव्याची, डाळीची, थेंबाची गोष्ट आपल्या भाषेत सांगा, मराठीतली चांगली बालगीते म्हणा. मुलाला चित्र काढायला सांगा, टोपीतला काजवा कसा दिसत असेल ते. आणि एक पथ्य पाळा. गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगू नका. ते मुलाला स्वतः शोधू द्या. शिवाय दयेचा धडा शिकवताना हात उगारू नका, नाहीतर मूल कविता विसरेल आणि हात लक्षात ठेवील.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक काम आहे. तुमच्या घरी धाकटे भाऊ, बहिणी असतील. या सुट्टीत त्यांना यांतील एक तरी गोष्ट सांगा. अब्बांना, अम्मींना, नानींना विचारा, शाळेत पाठ केलेली पहिली कविता कोणती होती? त्या क्षणभर आठवतील, मग हसतील आणि धडाधड म्हणू लागतील. ती लिहून घ्या. आणि अंधारात एखादा काजवा चमकलेला दिसला, तर क्षणभर थबका आणि जपून पाऊल टाका. मेरठच्या त्या मौलवीसाहेबांना आपल्या विद्यार्थ्यांकडून याहून अधिक मोठी गुरुदक्षिणा नको असेल.